उणे ८४

शनिवारी रात्री ११ वाजून ५९ मिनिटं ५९ सेकंदांनी महोत्सवाचं प्रवेशिकांचं पान बंद झालं. त्या क्षणी सांगलीत, विश्रामबागेतल्या एका माडीवरच्या खोलीत, अपलोडची पट्टी ५४ टक्क्यांवर होती. चित्रपट गेला नाही.

पुढच्या वेळा लॅपटॉपच्या जर्नलमधून आणि त्या संध्याकाळच्या मेसेजेसमधून घेतल्या आहेत. लिनक्सचं जर्नल प्रत्येक घटना सेकंदासह लिहून ठेवतं. रविवारी तो लॅपटॉप माझ्यासमोर होता आणि मी ते जर्नल पहिल्या ओळीपासून वाचलं. जिची ही गोष्ट आहे तिचं नाव इथे देत नाही.

२० दिवस आधी, रविवार. लॅपटॉप २०१५ चा, आधी तिच्या दादाचा. त्यावरच्या जुन्या लिनक्सचे अपडेट बंद झाले होते. पुण्याहून आलेल्या दादाने जुनी हार्ड डिस्क काढली, नवी एसएसडी बसवली आणि सिस्टीम कोरी टाकली. होम फोल्डर आधीच बाहेरच्या डिस्कवर घेऊन ठेवला होता: फुटेज, प्रोजेक्ट, फोटो, सगळं. सिस्टीमच्या सेटिंगचा ‘ईटीसी’ फोल्डर घेतला नाही. तो सहसा कुणीच घेत नाही. त्या फोल्डरमध्ये, ‘मॉडप्रोब.डी’च्या आत, एका ओळीची एक फाइल होती. स्पेस धरून २७ अक्षरं. ती दादानेच २०१७ मध्ये लिहिली होती आणि त्यानंतर तिला हात लावायची कधी गरज पडली नव्हती, म्हणून ती त्याच्या लक्षातही राहिली नव्हती. काढलेली हार्ड डिस्क त्याच खोलीतल्या कपाटात ठेवली गेली.

१९ दिवस आधी, सोमवार. वायफायच्या चिन्हात एकच दांडी दिसली. तिने खाली घरमालकांच्या मुलाला सांगितलं. त्याने राउटर बंद करून चालू केला. थोडा वेळ दोन दांड्या आल्या. मग परत एक. कॉलेजच्या एडिटिंग लॅबमध्ये मात्र तोच लॅपटॉप व्यवस्थित चालत होता. लॅबमध्ये राउटर डोक्यावर, छताला होता. तिने निष्कर्ष काढला की घरमालकांचं नेट स्लो आहे. त्याच दिवशी तिने फोनचं वायफाय बंद केलं आणि मोबाइल डेटा वापरायला सुरुवात केली. पुढचे १९ दिवस कुणीही, एकदाही, त्या खोलीत फोन आणि लॅपटॉप शेजारी ठेवून एकाच वायफायवर पाहिले नाहीत. सगळ्या रात्रीचं मूळ इथे आहे, असं मला वाटतं.

शनिवार, सकाळी ९:१०. घरमालक कुटुंब कोल्हापूरला लग्नाला निघालं, मुक्काम तिकडेच. राउटर त्यांच्या दिवाणखान्यात, टीव्हीच्या वरच्या फळीवर. काकूंनी जिन्यातून हाक मारून विचारलं, “चावी ठेवून जाऊ का गं?”

“नको काकू, मला काय लागणार आहे खाली?”

कुलूप लागलं. आत राउटर चालूच राहिला. रात्रभरात ना वीज गेली, ना फायबर तुटली.

दुपारी १:४०. शेवटचं रेंडर सुरू. चित्रपट २६ मिनिटांचा, हरिपूरच्या पेवांवरचा. सांगलीजवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या या गावात हळद जमिनीखालच्या खोल पेवांत साठवायची रीत होती. २००५ च्या महापुरात पाणी शिरून अनेक पेवं निकामी झाली. तिने दोन हंगाम तिथे काढले होते. चित्रपटातली सर्वांत चांगली ९ मिनिटं पेवाच्या आतली आहेत: पूर्ण अंधार आणि उतरणाऱ्या माणसाच्या हातातल्या विजेरीचा पिवळा उजेड.

दुपारी ४:०२. रेंडर पूर्ण. तिने ब्लूटूथ हेडफोन लावून अख्खा चित्रपट पाहिला. चौदाव्या मिनिटाला सबटायटलमध्ये एक शब्द चुकलेला सापडला. मग बाकीची सबटायटलंही पुन्हा तपासली.

संध्याकाळी ५:२८. दुसरं रेंडर सुरू, पुन्हा २ तास २२ मिनिटांचं. चुकलेला भाग तेवढा वेगळा करून जोडता आला असता. पण पडद्यावरची चूक कायमची राहते आणि जोड दिसण्याची भीती असते. या निर्णयात मला चूक दिसत नाही. फक्त इथे २ तास २२ मिनिटं गेली, एवढी नोंद हवी.

संध्याकाळी ७:५०. अंतिम फाइल तयार. ३.६ जीबी. महोत्सवाची मर्यादा ४ जीबी.

७:५८. अपलोड सुरू. हातात ४ तास १ मिनिट. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत सूचना होती: अपलोड मध्ये तुटल्यास सुरुवातीपासून करावा लागेल.

८:१०. ४ टक्के. ब्राउझरने उरलेला वेळ दाखवला: ४ तास ४८ मिनिटं. गरज होती सेकंदाला २ मेगाबिटची, मिळत होते १.६. अंतर इतकं कमी होतं की ते आपोआप भरून निघेल असं वाटावं.

८:२५. तिने दादाला मेसेज केला: “नेट खूप स्लो आहे. काय करू?”

दादा: “स्पीड टेस्ट कर.”

डाउनलोड २.१, अपलोड १.४. या आकड्यांत लॅपटॉप ते राउटर आणि राउटर ते इंटरनेट असे दोन टप्पे एकत्र मोजले जातात. दोष कोणत्या टप्प्यात आहे, हे स्पीड टेस्ट सांगत नाही. ते समजायला राउटरच्याच पत्त्यावर पिंग करावा लागतो. एक कमांड, दहा सेकंद. रविवारी मी तो केला तेव्हा माडीवरून राउटरकडे पाठवलेल्या १०० पॅकेटपैकी १९ परत आली नाहीत. म्हणजे घरमालकांचं नेट सुरू होण्याआधीच पाचातलं एक पॅकेट जिन्यात हरवत होतं.

शनिवारी हा पिंग कुणी केला नाही.

८:३८. दादा: “डीएनएस बदलून बघ. गूगलचा टाक. आठ आठ आठ आठ.”

डीएनएसचं काम संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता काढून देण्याचं. पत्ता एकदा मिळाला की फाइल किती वेगाने जाते याच्याशी त्याचा संबंध उरत नाही. तरी नेट स्लो असलं की हा सल्ला सर्वांत आधी दिला जातो, कारण एकेकाळी कुणाला तरी त्याने फरक पडलेला असतो.

८:४१. नवा डीएनएस लागू व्हावा म्हणून वायफाय तोडून पुन्हा जोडलं. अपलोड १४ टक्क्यांवर होता. तो शून्यावर आला.

८:४६. अपलोड दुसऱ्यांदा सुरू. हातात ३ तास १३ मिनिटं. आता गरज २.५ मेगाबिटची. वेग तोच, १.६.

९:१४. ९ टक्के. दादाने विचारलं, “फाइल लहान करता येणार नाही का?” तिने २ मिनिटं विचार केला आणि लिहिलं, “पेवातल्या शॉट्सचे चौकोन चौकोन होतील. नको.”

तिचं म्हणणं बरोबर होतं. अंधारातला उजेड जास्त दाबला की त्याचे ठोकळे पडतात, आणि तीच तर चित्रपटाची ९ मिनिटं. पण हिशेब मांडून ठेवतो. बिटरेट ५ मेगाबिटवर आणला असता तर फाइल साधारण ९७५ एमबीची झाली असती. या लॅपटॉपवर ते काम पाऊण तासात झालं असतं, म्हणजे १० वाजता. आणि १.६ च्या त्याच रडतखडत वेगानेही ती ११:२५ च्या आत पोचली असती.

९:२२. तिने फोनचा हॉटस्पॉट चालू केला आणि लॅपटॉप त्यावर नेला. दुसरा अपलोड १२ टक्क्यांच्या आसपास सुटला. खोलीच्या भिंती जुन्या, दगडी. मोबाइलचं नेटवर्क तिथे कसंबसं येतं. वेग ०.८.

९:२८. हॉटस्पॉट बंद. या सहा मिनिटांनी वेळेपेक्षा मोठं नुकसान केलं. वायफाय स्लो, मोबाइलही स्लो, म्हणजे आज सगळीकडेच नेट स्लो आहे, असं तिला वाटलं. लॅपटॉपवरचा उरलासुरला संशयही गेला. वास्तविक या दोन मंद वेगांची कारणं अगदी वेगळी होती. एक भिंतीत होतं, दुसरं लॅपटॉपच्या आत.

हॉटस्पॉट चालू केला की अनेक फोन स्वतःचं वायफाय बंद ठेवतात. तिच्या फोनचं तर १९ दिवस बंदच होतं. ते आताही चालू केलं गेलं नाही.

९:३१. एक उपयोगी गोष्ट घडली. पॉवर सेव्हिंगबद्दलचा सल्ला तिला सापडला. उबुंटूच्या वळणाच्या सिस्टीममध्ये नेटवर्कमॅनेजरची एक लहान फाइल वायफायचं पॉवर सेव्हिंग चालू ठेवते. तिथे ३ आकडा असतो. तो २ केला की ते बंद होतं. तिने केला.

९:३५. अपलोड तिसऱ्यांदा सुरू. वेग २.२. थोडा वाढला होता आणि त्यामुळे आपण योग्य दिशेने चाललो आहोत असं वाटू लागलं. पूर्ण व्हायला ३ तास ३८ मिनिटं लागणार होती. हातात होती २ तास २४.

ब्लूटूथ हेडफोन काढून टेबलावर ठेवले होते, पण जोडणी चालूच होती. या लॅपटॉपच्या चिपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकत्र आहेत. दोघांना एकाच अँटेनावर आळीपाळीने काम करावं लागतं.

१०:०५. १३ टक्के. मिरजेच्या मैत्रिणीचा फोन आला. तिच्या घरी फायबर आहे, राउटर तिच्याच खोलीत. “अगं, लॅपटॉप घे आणि निघ. गाडी आहे ना तुझी?”

स्कूटरने २५ मिनिटं. साडेदहाला पोचली असती आणि ८९ मिनिटं उरली असती. राउटरच्या शेजारी हा लॅपटॉप लॅबमध्ये चालायचा तसाच चालला असता.

ती म्हणाली, “थांब, मला बहुतेक उपाय सापडलाय. दहा मिनिटांत सांगते.”

उपाय तिला खरोखरच सापडला होता.

१०:१२. तिने लॅपटॉपच्या आतल्या यंत्रांची यादी काढली. वायफायच्या ओळीत नाव आलं: आरटीएल८७२३बीई. हे नाव शोधताच पहिल्याच पानावर अँटेनाचा उल्लेख होता.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण या रात्रीचं कारण एवढंच आहे. या चिपच्या कार्डावर अँटेनाची वायर लावायला दोन जागा असतात. साध्या लॅपटॉपमध्ये वायर एकच असते आणि ती कारखान्यात एका जागी खोचली जाते. कोणत्या जागी खोचली आहे, याची नोंद चिपच्या कायमच्या स्मृतीत, ईफ्यूजमध्ये, केलेली असते. त्या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ही नोंद चुकीची आहे. लिनक्सचा ड्रायव्हर नोंद खरी मानतो आणि वायर नसलेल्या जागेतून ऐकतो, तिथूनच बोलतो.

तरीही वायफाय पूर्ण बंद पडत नाही. रिकाम्या जागेचा धातूचा ठिपकाही थोडी लहर पकडतो. राउटर खोलीतच असेल तर काही बिघडलंय हे कळतही नाही. भिंत मध्ये आली की सिग्नल कोसळतो. हा दोष अर्धवट चालतो, आणि अर्धवट चालण्यामुळेच तो २० दिवस लपून राहू शकला. पहिल्याच दिवशी वायफाय ठप्प झालं असतं तर दादा पुण्याला परत जाण्यापूर्वी ते दुरुस्त करून गेला असता.

सिग्नल डीबीएममध्ये मोजतात. आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० ते ६० मध्ये निर्धास्त काम होतं. उणे ८० च्या पलीकडे तेच तेच पुन्हा पाठवण्यात वेळ जातो. दर १० ला शक्ती दहापटीने बदलते. त्या टेबलावर लॅपटॉपचा आकडा होता उणे ८४. रविवारी त्याच टेबलावर, त्याच राउटरवर फोनचं वायफाय लावलं तेव्हा फोनचा आला उणे ६१. फरक २३. म्हणजे फोनला मिळणारी शक्ती जवळजवळ २०० पट.

चिन्हातल्या एका दांडीवरून हे कळत नाही. आकडा पाहावा लागतो, आणि तो शेजारच्या दुसऱ्या यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहावा लागतो.

१०:२०. पानावर सांगितलं होतं त्याप्रमाणे तिने मॉडप्रोब.डी मध्ये फाइल बनवली. ड्रायव्हरचं नाव, आणि पुढे अँट_सेल=१. ड्रायव्हर काढून पुन्हा घालायचा म्हणजे वायफाय तोडणं आलंच. तिसरा अपलोड २० टक्क्यांवर होता. तिने तो सोडला.

१०:२४:५१. ड्रायव्हर नव्या सेटिंगने सुरू झाला. तिने सिग्नल पाहिला. उणे ८५.

किमती दोनच आहेत, १ आणि २. ईफ्यूजमधली चुकीची नोंद १ कडे नेत होती, म्हणून १ लिहून काहीच बदललं नाही. २ बद्दल त्याच पानावर पुढच्या ओळीत लिहिलं होतं: एकाने फरक पडला नाही तर दुसरी किंमत लावून पाहा. स्क्रीनच्या खालच्या कडेला ती ओळ अर्धी कापली गेली होती, की दिसूनही घाईत वाचली गेली नाही, हे तिला सांगता येत नाही. ब्राउझरच्या नोंदीप्रमाणे ते पान १०:२६ ला बंद झालं.

१०:२६. तिने दादाला लिहिलं, “अँटेनाचा प्रॉब्लेम नाहीये. चेक केलं.”

दादा: “मग ड्रायव्हर.”

नवी फाइल पुसली गेली. २०१७ मध्ये हीच ओळ, पुढे २ लावून, दादाने स्वतः लिहिली होती. त्याला आठवलं नाही. मैत्रिणीला दहा मिनिटांत सांगते म्हटलं होतं, ते राहून गेलं.

१०:३१. तिने ड्रायव्हरचा सोर्स कोड उतरवून घ्यायला सुरुवात केली. त्यासाठी लागणारी हेडरची पॅकेजं त्याच वायफायवरून यायची होती. अपलोड या सगळ्या वेळात बंद.

१०:५२. ड्रायव्हर कंपाइल झाला. एकही चूक नाही.

१०:५४. ड्रायव्हर घालायला गेल्यावर सिस्टीमने एका ओळीत नकार दिला: ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’. २० दिवसांपूर्वीची नवी सिस्टीम सिक्युअर बूट चालू ठेवून टाकली होती. अशा वेळी घरी बनवलेल्या, सही नसलेल्या ड्रायव्हरला कर्नल आत घेत नाही. सहीची किल्ली नोंदवायला लॅपटॉप रीस्टार्ट करून निळ्या पडद्यावर काही पायऱ्या कराव्या लागतात. ओळीतून यातलं काहीच समजत नाही. तिने जुना ड्रायव्हर परत घातला.

अँटेनाची दुसरी किंमत लावून पाहायला एक मिनिट पुरलं असतं. ड्रायव्हरच्या मागे २३ मिनिटं गेली.

१०:५६. हातात ६३ मिनिटं. ३.६ जीबीसाठी आता सेकंदाला ७.६ मेगाबिट लागणार होते.

११:००. तिने फाइल दाबायचं ठरवलं. ७२० ची चौकट, बिटरेट २.५. साधारण ४९० एमबी. पेवातल्या शॉट्सचे चौकोन पडणार, हे मान्य करून.

११:०५. फोनची बॅटरी ११ टक्के. चार्जर बॅगेत होता, बॅग पलंगाखाली. डेटा केबल टेबलावर होती. तिने फोन केबलने लॅपटॉपला लावला. फोनच्या पडद्यावर सूचना आली: यूएसबीने चार्ज होत आहे, इतर पर्यायांसाठी टॅप करा.

या सूचनेच्या आत दुसरा-तिसरा पर्याय यूएसबी टेदरिंगचा असतो. फोन वायफायवर असला तर अँड्रॉइड तेच वायफाय केबलमधून लॅपटॉपला देतो. लिनक्सला त्यासाठी कोणताही ड्रायव्हर टाकावा लागत नाही, फोन तारेच्या नेटसारखा दिसतो आणि आपोआप जोडला जातो. फोनचा सिग्नल उणे ६१ होता. रविवारी मी हाच मार्ग लावून मोजला: अपलोड २५ मेगाबिट. या वेगाने मूळची ३.६ जीबीची फाइल, एकही शॉट न दाबता, १९ मिनिटांत जाते.

केबल ११:०५ पासून शेवटपर्यंत लागलेली होती. ५४ मिनिटं.

वायफाय धड नसलेल्या लिनक्स लॅपटॉपवर पहिला उपाय हाच असतो, हे आमच्या कामातल्या सगळ्यांना पाठ आहे. तिला तो कुणी सांगितला नव्हता. त्या रात्री ती दोन जणांशी बोलली, तिने सात-आठ पानं वाचली. सगळे वायफाय दुरुस्त कसं करायचं ते सांगत होते. ते आज रात्रीपुरतं बाजूला ठेव, असं कुणी म्हणालं नाही.

११:२६. लहान फाइल तयार. ४८७ एमबी.

११:२८. अपलोड चौथ्यांदा सुरू. वेग २.२. उरलेला वेळ २९ मिनिटं ३० सेकंद. म्हणजे ११:५७ आणि वर काही सेकंद. तिने दादाला लिहिलं, “जाईल बहुतेक.”

११:३५. २४ टक्के.

११:३८. ३४ टक्के. दादाने काही विचारलं नाही. मैत्रिणीचा मिस्ड कॉल पडला.

११:४१:०७. जर्नलमध्ये ओळ आली: ‘एपी ऑफ, ट्राय टू रीकनेक्ट नाऊ’. ड्रायव्हरला काही सेकंद राउटरचा एकही संकेत ऐकू आला नाही, की तो राउटर बंद पडला असं समजतो आणि नव्याने जोडणी करतो. राउटर बंद पडला नव्हता. गेल्या २० दिवसांत हीच ओळ जर्नलमध्ये जवळपास रोज आली आहे, कधी दिवसातून पाच-सहा वेळा. पहिली आली ती सिस्टीम टाकली त्याच रविवारी संध्याकाळी.

११:४१:१६. वायफाय परत जोडलं गेलं. नऊ सेकंद. पानावर लाल पट्टी: नेटवर्क एरर. अपलोड ४४ टक्क्यांवर तुटला होता.

११:४३. अपलोड पाचव्यांदा सुरू. हातात १६ मिनिटं, गरज २९ची. आणखी लहान फाइल करावी का, हा मेसेज तिने अर्धा टाइप केला आणि पाठवला नाही.

११:५१. २७ टक्के.

११:५५. दादाचा मेसेज: “किती?” उत्तर गेलं नाही.

११:५९:५९. ५४ टक्के.

१२:००:०४. पान आपोआप ताजं झालं. प्रवेशिका स्वीकारणं बंद झाल्याची एक ओळ, आणि खाली पुढच्या वर्षीच्या तारखा लवकरच कळवू असं आश्वासन.

रविवार, सकाळी १०:१५. मी माडीवर पोचलो. आधी राउटरला पिंग, मग फोनचा आकडा, मग लॅपटॉपचा. मॉडप्रोब.डी मध्ये फाइल केली, पुढे २ लिहिले, ड्रायव्हर काढून पुन्हा घातला. सिग्नल उणे ८४ वरून उणे ५९ वर आला. जोडणीचा दर ६.५ मेगाबिटवरून ७२ वर. राउटरकडची १०० पैकी १०० पॅकेट परत आली. सगळ्याला चार मिनिटंही लागली नाहीत. मूळची फाइल तिच्या स्वतःच्या ड्राइव्हवर चढवून पाहिली. २० मिनिटांत गेली.

कपाटातली जुनी हार्ड डिस्क केबलने जोडली. ईटीसीत फाइल जागेवर होती, तारीख २०१७ ची, ओळ शब्दशः तीच. दादाला फोटो पाठवला. त्याने फक्त ‘पाहिला’ एवढं लिहिलं.

या चिपचे लॅपटॉप जुन्या बाजारात अजून विकले जातात, आणि विंडोज जड होतं म्हणून त्यांवर लिनक्स टाकलं जातं. घेणारे बहुतेक विद्यार्थी असतात. ज्यांना असा लॅपटॉप मिळाला आहे त्यांनी पहिल्याच दिवशी दोन्ही किमती लावून आकडे लिहून ठेवावेत, आणि सिस्टीम नव्याने टाकताना ईटीसी फोल्डर सोबत घ्यावा. तो पूर्ण फोल्डर काही एमबींचाच असतो. हे मी कळकळीने लिहितो आहे, कारण असा फोन मला याआधीही आलेला आहे आणि पुन्हा येणार आहे.

सोमवार, दुपारी. तिने महोत्सवाला सविस्तर मेल केला, सोबत जर्नलमधल्या वेळा जोडल्या. उत्तर त्याच संध्याकाळी आलं, सभ्य आणि दोन ओळींचं. मुदत सर्वांना सारखीच होती. नियमानुसार चित्रपट मुदतीच्या आधीच्या १२ महिन्यांत पूर्ण झालेला असावा लागतो. पुढच्या वर्षीची मुदत महिनाभर उशिराची ठरली आहे. तोवर हा चित्रपट १३ महिन्यांचा झालेला असेल.